प्रस्तावना : घसरत्या गाडीचे शास्त्र आणि आस्वाद

वळणावर गाडीची मागची चाके घसरली, की सामान्य चालकाच्या दृष्टीने तो अपघाताचा आरंभ असतो. ड्रिफ्टिंग या क्रीडाप्रकारात मात्र चालक तीच घसरण जाणूनबुजून घडवतो, तिला हव्या त्या कोनात तोलून धरतो आणि एका वळणातून पुढच्या वळणात ती न तोडता नेतो. गाडीचे नाक वळणाच्या आत वळलेले, मागची चाके बाहेरच्या बाजूला फेकली गेलेली आणि पुढची चाके मात्र वळणाच्या उलट दिशेला फिरवलेली, अशी ती अवस्था असते. व्याख्या म्हणून एवढे पुरेसे आहे. परंतु प्रेक्षकाची खरी अडचण व्याख्येने सुटत नाही. बहुतेक सर्व मोटारशर्यतींत घड्याळ किंवा अंतिम रेषा निकाल देते आणि जो पुढे तो श्रेष्ठ, हे लहान मुलालाही कळते. ड्रिफ्टिंगमध्ये आधी पोहोचण्याला स्वतंत्र मोल नाही. येथे गाडी कशी गेली याचे परीक्षण होते आणि ते डोळ्यांनी करावे लागते. म्हणूनच नवख्या प्रेक्षकाला पहिल्यांदा फक्त धूर आणि गोंगाट जाणवतो, आणि त्यामागची विलक्षण काटेकोर कारागिरी त्याच्या नजरेतून निसटते. ती नजर घडवणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे.

प्रारंभी एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. घसरत नेलेली गाडी अधिक वेगाने वळण पार करते, अशी समजूत चित्रपटांनी सर्वदूर पसरवली. कोरड्या डांबरी रस्त्यापुरती ती खरी नाही. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि तो प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकतो, त्या दोन दिशांमध्ये वळण घेताना नेहमीच थोडा कोन असतो. त्याला घसरकोन म्हणता येईल. हा कोन काही अंशांचा असेपर्यंत टायरची बाजूची पकड वाढत जाते, एका मर्यादेला ती कमाल होते आणि त्यानंतर ती उतरू लागते. शर्यतीचा चालक त्या कमाल बिंदूच्या आसपास राहण्याचा प्रयत्न करतो, तर ड्रिफ्ट करणारा चालक मागच्या टायरांना तो बिंदू मुद्दाम ओलांडायला लावतो आणि पलीकडच्या निसरड्या प्रदेशातच संतुलन शोधतो. माती, खडी किंवा बर्फावरच्या रॅलीत गाडी आडवी करून नेणे अनेकदा फायद्याचे ठरते, कारण तेथे सैल पृष्ठभागात टायर रुततो आणि त्याच्यासमोर साचणारा थर आधार देतो. डांबरावर असा आधार मिळत नाही. सारांश, ड्रिफ्टिंग ही वेगाची युक्ती नाही. वेग हा त्यातला एक गुण आहे, आणि तोही जोखमीचा पुरावा म्हणून.

एकच वळण जवळून पाहिल्यास या कौशल्याची कल्पना येते. चालक तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये सरळ रस्त्यावरून येतो आणि वळणाच्या अलीकडे क्षणभर गाडी विरुद्ध दिशेला वळवतो. त्यामुळे गाडीचे वजन एका बाजूला झुकते. लगेच तो स्टिअरिंग वळणाच्या दिशेने फिरवतो, आणि झुकलेले वजन दुसऱ्या बाजूला झेपावते, तसा मागचा भाग सुटू लागतो. ही झोकांडी रॅलीच्या जगात स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणून ओळखली जाते. त्याच वेळी तो हँडब्रेक ओढून मागची चाके क्षणभर जखडतो, किंवा ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून क्लचला झटका देतो, ज्यायोगे इंजिनाची ताकद एकदम मागच्या चाकांवर आदळते आणि त्यांची पकड तुटते. या दुसऱ्या रीतीला क्लच किक म्हणतात. यानंतर घडते ते नवख्याला सर्वाधिक चकित करणारे असते: चालक स्टिअरिंगवरची पकड सैल सोडतो आणि चक्र त्याच्या तळव्यांतून आपोआप गरगर फिरत उलट टोकाला जाते, कारण पुढच्या चाकांची बैठकच अशी असते की ती गाडीच्या प्रत्यक्ष गतीच्या दिशेने स्वतःहून वळू पाहतात. चालक ते योग्य क्षणी झेलतो आणि तेथून पुढे गाडी मुख्यतः उजव्या पायाने चालवली जाते. ॲक्सिलरेटर जास्त झाला तर गाडी गरकन फिरते, कमी झाला तर टायर पुन्हा पकड घेतात आणि घसरण मोडते. या सगळ्या काळात चालकाची नजर समोरच्या काचेतून नव्हे, बाजूच्या खिडकीतून पुढच्या वळणाकडे लागलेली असते. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते.

अशा चालनासाठी गाडीही विशिष्ट घडणीची लागते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणे ही पहिली अट. दुसरी अट डिफरन्शियलविषयी आहे: साध्या गाडीत हा भाग दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, परंतु ड्रिफ्टसाठी दोन्ही चाके एकदम सुटावी लागतात, म्हणून त्या मोकळीकीवर मर्यादा घालणारे डिफरन्शियल बसवतात किंवा हौशी मंडळी मूळचेच वेल्डिंग करून जखडून टाकतात. पुढची चाके कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा बरीच अधिक वळावीत, यासाठी स्टिअरिंगचे सांधे बदलले जातात. मराठी वाचकाला हे थोडे परके वाटण्याचे कारण ठोस आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा तिची समकालीन अँबॅसेडर या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या होत्या. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढे भारतीय घरांतली लहान गाडी बहुतांशी पुढच्या चाकांनी ओढली जाऊ लागली. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग हँडब्रेकने क्षणभर सरकवता येतो, पण इंजिनाच्या ताकदीने ती घसरण टिकवता येत नाही.

या कलेचा उगम जपानमध्ये झाला, आणि तिची पाळेमुळे शर्यतीच्या मैदानाइतकीच डोंगरातल्या घाटरस्त्यांत आहेत. गाडी चारही चाकांवर किंचित घसरत नेण्याचे तंत्र युरोपातील शर्यतपटूंना दुसऱ्या महायुद्धापूर्वीही ठाऊक होते. परंतु ते वेगासाठी होते आणि प्रेक्षकाला सहज दिसावे इतके ठळक नव्हते. 1970 च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी यांनी त्याला दृश्य रूप दिले. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीतील हॉकनहाइम येथे मोटारसायकलची ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी. पुढे मोटारशर्यतींकडे वळल्यावर निसान स्कायलाइन वळणात आडवी घालून, टायरांतून धूर काढत नेण्याच्या त्यांच्या रीतीने प्रेक्षक वेडावले. त्या प्रेक्षकांतून जी पिढी घडली तिचा प्रतिनिधी म्हणजे नागानो प्रांतातले केइची त्सुचिया. जपानीत तोगे म्हणतात त्या घाटरस्त्यांवर हात बसवून त्सुचिया शर्यतीत उतरले, आणि 1987 मध्ये प्लसपी या नावाच्या चित्रफितीतून त्यांचे डोंगरी चालन देशभरच्या तरुणांनी पाहिले. घसरणीचा सम्राट ही पदवी त्यांना तेव्हापासून चिकटली. मूळ गुरू आणि त्याच्या शैलीने झपाटलेला अनुयायी या दोघांनी 1995 च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत अकिरा ईदा यांच्यासह एकच होंडा एनएसएक्स चालवून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला, ही घटना नोंदवण्याजोगी आहे. ड्रिफ्टिंग हा शर्यत न जमणाऱ्यांचा उद्योग आहे, या आक्षेपाला तिच्याइतके समर्पक उत्तर नाही.

त्सुचिया यांच्याशी ज्या गाडीचे नाव जोडले गेले ती टोयोटाची एई86, 1983 ते 1987 या काळात निघालेली, 1.6 लिटर इंजिनाची, हलकी आणि साधी. तिची ताकद माफक असल्यामुळे घसरण टिकवायला वेग आणि वजनाचा तोल नेमका सांभाळावा लागे. ड्रिफ्टिंगची पहिली पाठशाळा म्हणून तिचे मोल त्यामुळेच आहे. पुढे निसान सिल्व्हियाच्या पिढ्यांनी तिची जागा बऱ्याच अंशी घेतली. जपानमध्ये जुन्या गाड्यांचे भाव लवकर उतरत, म्हणून मागच्या चाकांनी चालणारी बऱ्या ताकदीची गाडी कामगार तरुणाच्याही आवाक्यात येई, आणि ही कला श्रीमंतांच्या अंगणात न वाढता गॅरेजांमध्ये, रात्रपाळी संपवून डोंगराकडे निघणाऱ्या पोरांच्या टोळक्यांत वाढली. तिच्या इतिहासातला हा सामाजिक धागा अनेक लेखनांत दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत पुस्तक त्याला महत्त्व देते.

घाटांतल्या बेकायदा प्रकाराला स्पर्धेचे रूप देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ऑप्शन या मोटारविषयक मासिकाचे संस्थापक दाइजिरो इनादा यांना जाते. मासिकाने 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून हौशी चालकांसाठी स्पर्धा भरवल्या. 2000 साली फुकुशिमा प्रांतातील एबिसू सर्किटवर व्यावसायिक स्पर्धेचा प्रारंभिक प्रयोग झाला आणि 2001 पासून डी1 ग्रां प्री ही मालिका सुरू झाली. त्सुचिया तिचे परीक्षक होते. पहिल्या वर्षी नोबुतेरु तानिगुची यांनी सिल्व्हियावर विजेतेपद मिळवले. दुसऱ्या वर्षी कात्सुहिरो उएओ यांनी तोवर जुनी मानली गेलेली एई86 घेऊन ते जिंकले आणि कौशल्य ताकदीवर मात करू शकते हे दाखवून दिले. त्या काळानंतर इंजिनांची ताकद इतकी वाढत गेली, की आज हलक्या गाडीने असा विजय मिळवणे जवळपास अशक्य झाले आहे. प्रगती झाली, हे खरे; पण काही गमावलेही गेले, असे म्हणणे भाग आहे.

याच सुमारास ड्रिफ्टिंग कथेच्या वाटेने जगभर गेले. शुइची शिगेनो यांची इनिशियल डी ही चित्रकथा 1995 ते 2013 या काळात प्रसिद्ध होत होती. तोफूचे दुकान चालवणाऱ्या बापाचा माल पहाटे डोंगरावर पोहोचवता पोहोचवता एई86 वर हात बसलेला मुलगा हा तिचा नायक, आणि तिच्यातला आकिना डोंगर गुन्मा प्रांतातल्या हारुना पर्वतावरून बेतलेला आहे. 2006 मध्ये आलेल्या टोक्यो ड्रिफ्ट या हॉलीवूडपटाने हाच विषय तरुण प्रेक्षकांच्या फार मोठ्या वर्गापुढे नेला. त्यात खुद्द त्सुचिया एका मच्छीमाराच्या छोट्या भूमिकेत दिसतात.

अमेरिकेत 2003 मध्ये लॉस एंजेलिसजवळील अर्विंडेल येथे डी1 ची स्पर्धा झाली आणि 2004 पासून फॉर्म्युला ड्रिफ्ट ही स्वतंत्र व्यावसायिक मालिका सुरू झाली. तिचे पहिले विजेतेपद सॅम्युएल ह्यूबिनेट या स्वीडिश चालकाने डॉज व्हायपरवर मिळवले. अमेरिकी परंपरेने या खेळाला मोठी व्ही8 इंजिने दिली, अव्वल गटात हजार अश्वशक्तीच्या गाड्या सामान्य केल्या, आणि नियमांची लिखित चौकट आणून परीक्षकाच्या निर्णयाची कारणे प्रेक्षकांपुढे मांडण्याची प्रथा रुजवली. युरोपात आयर्लंडने लोकसंख्येच्या मानाने थक्क करणारी गुणवत्ता दिली. तेथील जेम्स डीन यांनी 2017, 2018 आणि 2019 असे सलग तीन वेळा फॉर्म्युला ड्रिफ्ट जिंकले आणि 2024 मध्ये पुन्हा एकदा. पोलंडमधून वाढलेली ड्रिफ्ट मास्टर्स ही मालिका आज युरोपची अव्वल स्पर्धा मानली जाते, आणि वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये तिची अंतिम फेरी भरली तेव्हा फुटबॉलची मोठी गर्दी पाहण्याची सवय असलेले ते मैदान ड्रिफ्टिंगच्या प्रेक्षकांनी भरून गेले. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने 2017 मध्ये टोक्योतील ओदाइबा येथे आंतरखंडीय चषक भरवून या खेळाला अधिकृत मान्यता दिली. तो चषक रशियाच्या गेओर्गी चिव्च्यान यांनी जिंकला.

या मुख्य प्रवाहाला समांतर अशा काही परंपरा आहेत. सौदी अरेबियाच्या रुंद महामार्गांवर तरुणांनी साध्या प्रवासी गाड्या अतिवेगात आडव्या फेकण्याचा जो जीवघेणा प्रकार रूढ केला, त्याचा अभ्यास शहरातील कोंडमारा आणि बेकारी यांच्या संदर्भात झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथील स्पिनिंग हा प्रकार जुन्या बीएमडब्ल्यू गाड्यांना छोट्या रिंगणात गरगर फिरवण्याचा आहे. वर्णभेदाच्या काळात वस्त्यांच्या रस्त्यांवर जन्मलेला तो प्रकार आज मैदानी खेळ झाला आहे. दोन्ही ड्रिफ्टिंग नव्हेत, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर. परंतु गाडी हे वाहतुकीचे साधन न राहता व्यक्तित्वाची भाषा कशी होते, हे समजून घेताना त्यांना वगळता येत नाही.

परीक्षणाच्या बाबतीत मात्र सविस्तर थांबायला हवे, कारण प्रेक्षकाचा आनंद त्यावरच अवलंबून आहे. एकट्या गाडीच्या फेरीत, जिला जपानी तान्सो म्हणतात, मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, मार्ग: परीक्षक वळणाच्या आतल्या कडेला काही बिंदू आणि बाहेरच्या कडेला काही पट्टे आखून देतात, आतल्या बिंदूजवळून गाडीचे नाक आणि बाहेरच्या पट्ट्यातून मागचे चाक किती नेमके गेले, ते तपासले जाते. दुसरी, कोन: गाडी गतीच्या दिशेशी किती आडवी आहे आणि तो कोन स्थिर राहतो की डुगडुगतो. तिसरी गोष्ट शैली, जिच्यात घसरणीची सुरुवात किती धीटपणे झाली, डावीकडून उजवीकडे जाताना गाडी किती सहज पलटली आणि चालकाने कुठे हात आखडता घेतला का, यांचा विचार होतो. डी1 ने यातील बराचसा भाग गाडीवर बसवलेल्या यंत्राकडे सोपवला, जे वेग आणि कोन यांची मोजणी करते. अमेरिकी आणि युरोपीय मालिकांनी मानवी परीक्षकांवर अधिक विश्वास ठेवला. यंत्र पक्षपात करत नाही, हे मान्य करूनही, धाडस आणि बेपर्वाई यांतला फरक आजवर सराईत नजरेलाच अधिक चांगला कळलेला आहे, असे प्रस्तुत पुस्तकाचे मत आहे.

खेळाचा गाभा मात्र दोन गाड्यांच्या जोडफेरीत, म्हणजे त्सुइसोमध्ये आहे. पुढच्या गाडीने आखलेल्या मार्गावरून निर्दोष फेरी करायची. मागच्या गाडीने तिच्याच कोनात, तिच्याच क्षणी पलटत, शक्य तितके जवळ राहायचे. मग भूमिका बदलून हेच पुन्हा, आणि दोन्ही फेऱ्या मिळून निकाल. निर्णय होऊ शकला नाही तर लढत नव्याने घेतात. मागच्या चालकाला पुढच्या टायरांच्या धुरातून अंदाजाने जावे लागते आणि पुढची गाडी किंचित मंदावली तरी डाव्या पायाने ब्रेक दाबत, घसरण न मोडता, अंतर राखावे लागते. गायकाने अनपेक्षित जागा घेतली तरी सम न चुकवणाऱ्या कसलेल्या तबलजीच्या साथीची आठवण येथे व्हावी, इतकी ती अनुगामिता सूक्ष्म असते. फरक असा, की येथे चूक झाली तर पत्रा वाकतो. टक्कर झाली, तर पुढच्याने अकारण वेग कमी केला होता की मागच्याने अंदाज चुकवला, हे ठरवणे हा परीक्षणातला सर्वांत वादग्रस्त भाग आहे, आणि प्रेक्षकाने स्वतःचे मत बनवावे असाही हाच भाग.

हा विषय मराठीत मांडण्याची निकड काय, असा प्रश्न रास्त आहे. मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या चित्रफितींतून ड्रिफ्टिंग आज महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पोहोचले आहे. पोहोचले आहे ते धुराच्या आणि थराराच्या रूपात, तंत्राच्या आणि नियमांच्या रूपात नव्हे. मैदानात किंवा समुद्रकिनाऱ्यावर गाडी गोल फिरवणे म्हणजे ड्रिफ्टिंग, अशी समजूत त्यातून पसरते, आणि क्वचित तिची किंमत कुणाच्या तरी जिवाने मोजली जाते. सार्वजनिक रस्त्यावरील धोकादायक चालन आणि शर्यत हे मोटार वाहन कायदा, 1988 च्या अनुक्रमे कलम 184 आणि 189 खाली गुन्हे आहेत. जपानच्या घाटांनी ही कला जन्माला घातली, हा इतिहास सांगताना त्या घाटांत अपघातही झाले आणि तेथील जाणत्यांनीच ती बंदिस्त मैदानात नेली, हे तितक्याच ठामपणे सांगावे लागते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटाच्या वळणांवर समोरून एसटी येते, हे सह्याद्रीत राहणाऱ्याला सांगण्याची गरज नसावी.

दुसरीकडे, खेळ स्वतःच बदलाच्या उंबरठ्यावर आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत ताकद तत्काळ मिळते, परंतु क्लच नसतो, गिअर बदलणे नसते आणि इंजिनाच्या आवाजावरून चालकाच्या पायाची हालचाल ओळखण्याची प्रेक्षकाची सोयही जाते. मागच्या टायरांची जोडी काही मोजक्या फेऱ्यांत संपते, हा अपव्यय कसा समर्थनीय ठरवायचा, हा प्रश्न टाळता येणारा नाही आणि या पुस्तकानेही तो टाळलेला नाही. संगणकीय सिम्युलेटरवर सराव करून मैदानात उतरणारी पिढी आता तयार झाली आहे. गाडी, टायर आणि मैदान परवडत नसलेल्या भारतीय तरुणासाठी ही वाट सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त आहे.

प्रस्तुत पुस्तक चालनाचे प्रशिक्षण देत नाही. गाडीत करायच्या बदलांच्या कृती, मोजमापे किंवा खरेदीचा सल्ला त्यात नाही, आणि विजेत्यांच्या याद्याही आवश्यक तेवढ्याच आहेत. चाकांखाली काय घडते ते समजावून, इतिहासातील टप्पे त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीसह मांडून आणि परीक्षणाचे निकष उलगडून वाचकाला एखादी लढत स्वतःच्या बुद्धीने पाहता यावी, एवढीच त्याची आकांक्षा आहे. पारिभाषिक शब्द प्रचलित इंग्रजी किंवा जपानी रूपांत ठेवून त्यांचा अर्थ पहिल्याच उल्लेखात दिला आहे. कृत्रिम प्रतिशब्दांचा सोस धरलेला नाही.

वाचकाला एक विनंती आहे. पुस्तक हाती घेण्यापूर्वी किंवा वाचता वाचता, एखाद्या मालिकेची पूर्ण स्पर्धा पाहावी. निवडक क्षणांची चित्रफीत त्यासाठी उपयोगाची नाही. पहिल्या काही लढतींत धुराकडे न पाहता पुढच्या चाकांकडे पाहावे, नंतर दोन गाड्यांमधल्या अंतराकडे, आणि परीक्षकांचा निर्णय जाहीर होण्याआधी आपला निर्णय कागदावर लिहून ठेवावा. प्रारंभी तो बहुधा जुळणार नाही. का जुळला नाही, हे शोधण्यासाठी पुढील पाने उपयोगी पडतील.